भांडाराची किल्ली : ग्रंथभांडारापासून अभ्यासिकेपर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा मंदिर, प्रतिष्ठा, चातुर्मास आणि तपश्चर्या यांवर अधिकारी व्यक्ती लिहितीलच हे मला ठाऊक होते. म्हणून त्या विषयांपासून थोडा बाजूला जाऊन मी वेगळा विषय निवडला आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय व अभ्यासिका उभी करावी की नाही, याविषयी गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांत दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, न्यासाचे द्रव्य धर्मकार्यास लागावे. शालेय क्रमिक पुस्तके व परीक्षांची तयारी हे शासनाचे आणि पालकांचे काम होय. दुसरे मत असे की, अभ्यासिका हे ज्ञानदानच आहे. त्यातही जे अनुकूल आहेत, त्यांच्यात पुन्हा एक प्रश्न उरतो : ती केवळ आपल्या मुलांसाठी असावी की जोगेश्वरीतील कोणाही मुलास तिचे दार उघडे असावे? या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या अल्पमतीने देण्यापेक्षा इतिहासाकडे पाहावे, असे मला वाटले. कारण हा प्रश्न नवा नाही. आपल्या पूर्वजांपुढे तो अनेकदा उभा राहिला होता, आणि त्यांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली होती.

आरंभ अर्थातच श्रुतपरंपरेपासून करावयास हवा. भगवान महावीरांची वाणी शतकानुशतके मुखोद्गत होती. दीर्घ दुष्काळ पडले, साधूंचे संघ विखुरले, ज्यांना पाठ येत होते ते काळाच्या पडद्याआड गेले. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर ९८० किंवा ९९३ वर्षांनी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली वल्लभी येथे आगम ग्रंथारूढ झाले. दिगंबर परंपरेत आचार्य धरसेन यांनी पुष्पदंत व भूतबली या दोन शिष्यांना आपल्याजवळचे ज्ञान दिले आणि त्यांनी षट्खंडागमाची रचना केली. ती रचना पूर्ण झाली तो दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमी, आपली श्रुतपंचमी. दोन्ही परंपरांचा तपशील भिन्न आहे, पण मूळ भीती एकच : जे केवळ एका माणसाच्या स्मरणात आहे, ते त्या माणसाबरोबर जाईल.

ग्रंथ लिहिले गेले म्हणजे ते सांभाळणे आले. पाटण, खंभात, जैसलमेर येथील ज्ञानभांडारे याच काळजीतून निर्माण झाली. जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनभद्रसूरी ज्ञानभांडार पंधराव्या शतकातील असून त्यात त्याहून कितीतरी जुनी ताडपत्रे आहेत. वाळवंटातील कोरडी हवा, तळघर, लाकडी पेट्या, कापडाची बंधने आणि कुलुपे, या सर्वांनी मिळून ती वाचवली. आपल्या महाराष्ट्रात विदर्भातील कारंजा येथे बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ यांच्या मंदिरांत असेच संग्रह होते. आक्रमणांच्या आणि राज्यक्रांतीच्या काळात कुलूप ही गरज होती, हे मान्य केलेच पाहिजे. ज्यांनी कुलूप लावले, त्यांना आज आपण संकुचित म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी कुलूप लावले नसते तर उघडावयास काहीच उरले नसते.

ज्ञानपंचमीचेच उदाहरण घ्या. कार्तिक शुद्ध पंचमीस ग्रंथांची पूजा होते, त्यांवर वासक्षेप केला जातो. या पूजेमागे एक अत्यंत व्यवहारी कारण दडलेले आहे. पावसाळ्याचे चार महिने पोथ्या बंद असतात. ओल धरते, कसर लागते, बुरशी येते. दिवाळी संपली, हवा कोरडी झाली की त्या बाहेर काढावयाच्या, झटकावयाच्या, जुनी बंधने बदलावयाची आणि पुन्हा ठेवावयाच्या. म्हणजे ज्ञानपंचमी हा ग्रंथपालांचा वार्षिक तपासणीचा दिवस होता, असे म्हणण्यास हरकत नाही. मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्या कोणासही हे कारण समजावून सांगण्याची गरज नाही. पण कालांतराने पोथी बाहेर काढणे मागे पडले आणि नमस्कार तेवढा उरला.

मूडबिद्रीची कथा येथे थोडी विस्ताराने सांगतो, कारण आपल्या विषयाचा सारा पेच तीत आहे आणि तिची सुरुवात मुंबई व सोलापूरच्या दोन श्रावकांपासून होते.

षट्खंडागमावर आचार्य वीरसेन यांनी नवव्या शतकात ‘धवला’ नावाची विशाल टीका लिहिली. ही टीका, तसेच ‘जयधवला’ व ‘महाधवल’ या नावाने ओळखला जाणारा महाबंध, यांची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत होती. दुसरीकडे कोठेही त्यांची प्रत उरलेली नव्हती. लिपी जुनी कन्नड. यात्रेकरू जात, दुरून दर्शन घेत, अर्घ्य चढवीत आणि परत येत. ते वाचू शकणारे फार थोडे होते. १८८३ मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यात्रेस गेले असता त्यांनी ही ताडपत्रे पाहिली. त्यांची जीर्ण अवस्था पाहून त्यांच्या मनात जे आले, ते केवळ भक्तीचे नव्हते. हे वाचणारे कोणी आहे काय, आणि हे असेच राहिले तर आणखी किती वर्षे टिकेल, असे प्रश्न त्यांना पडले. त्यांनी ही चिंता सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना कळवली. ‘जैन बोधक’ हे आपल्या समाजाचे जुने नियतकालिक १८८५ मध्ये सुरू करणारे ते हेच हिराचंद नेमचंद. या दोघांच्या प्रयत्नांतून, बऱ्याच खटपटीनंतर, १८९६ च्या सुमारास नक्कल करण्याचे काम सुरू झाले. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री व मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी ते हाती घेतले. ब्रह्मसूरी शास्त्री मध्येच निवर्तले. गजपती उपाध्याय लिहीत राहिले. तिन्ही सिद्धांतग्रंथांच्या नकला पूर्ण होण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागली.

मात्र या प्रती मूडबिद्रीबाहेर जाऊ नयेत, अशी तेथील पंचांची अट होती. म्हणजे एक पेटी होती, तिच्याशेजारी दुसरी पेटी ठेवली गेली. गजपती उपाध्याय यांनी येथे एक असे कृत्य केले की ज्याविषयी विद्वानांत व श्रावकांत आजही एकमत होणे कठीण आहे. त्यांनी आपल्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे आणखी एक प्रत कन्नड लिपीत तयार केली. ती पुढे उत्तरेत सहारनपूरच्या लाला जंबूप्रसाद यांच्याकडे पोहोचली. तेथे तिची नागरीत नक्कल झाली आणि त्या नकलेपासून पुन्हा नकला होत होत त्या अनेक ठिकाणी पसरल्या. आपल्या कारंजापर्यंत व अमरावतीपर्यंतही त्या आल्या. अखेर अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी, भेलसा म्हणजे आजच्या विदिशा येथील सेठ लक्ष्मीचंद्र यांच्या दानाच्या आधाराने, १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध केला. सोळा खंडांचे हे काम जवळजवळ वीस वर्षे चालले. विशेष आनंदाची गोष्ट अशी की, प्रकाशन सुरू झाल्यावर मूडबिद्रीच्या भट्टारकजींनी व पंचांनीही सहकार्य केले आणि मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहता आला.

गजपती उपाध्याय यांनी केले ते योग्य होते काय? दिलेला शब्द मोडला, हे खरे. अचौर्य हे आपले व्रत आहे, हेही खरे. मला स्वतःला त्यांचे कृत्य निर्दोष म्हणवत नाही. पण ती प्रत सहारनपूरला गेली नसती तर अमरावतीचा पहिला खंड निघता काय, हा प्रश्न मनातून जातही नाही. आणि मिरजेतील त्या गृहिणीने, दिवसभराची कामे आटोपून, दिव्याच्या उजेडात किती पाने लिहिली असतील, याचा विचार केला की मन थोडे नरम होते. लक्ष्मीबाईंचे नाव आपल्या समाजात किती जणांना ठाऊक आहे?

ग्रंथ छापून निघाला तेव्हा काय घडले, हे आमच्या विज्ञान शाखेच्या मुलांनी अवश्य जाणून घ्यावे. लखनौ विद्यापीठाचे गणिताचे अध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणिताचा अभ्यास केला. त्या टीकेत ‘अर्धच्छेद’ नावाची संकल्पना आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. बत्तीसचे निम्मे सोळा, मग आठ, चार, दोन, एक. म्हणून बत्तीसचा अर्धच्छेद पाच. तीनने भागत गेल्यास ‘त्रिकच्छेद’, चारने भागत गेल्यास ‘चतुर्थच्छेद’. अकरावीच्या गणितात मुले लॉगॅरिदम शिकतात, त्यात दोन, तीन व चार हे पाया धरल्यावर जे येते ते हेच. यावरून ‘सर्व शोध आमच्याकडे आधीच लागले होते’ अशी फुशारकी मारण्याचे कारण नाही. नेपियरच्या कोष्टकांनी जे काम केले ते वेगळे होते. पण हजार-अकराशे वर्षे ही गोष्ट एका पेटीत होती आणि तिला लोक नमस्कार करीत होते, एवढे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कारंजाचीही हकिकत अशीच. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली आणि कारंजाच्या संग्रहातील अपभ्रंश ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. पुढे कारंजा ग्रंथमालेत महाकवी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये संपादित केले. मराठीच्या पूर्वरूपाचा शोध घेणाऱ्यांना अपभ्रंश वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणजे विदर्भातील जैन मंदिराच्या कपाटातून जे निघाले, ते साऱ्या मराठी भाषेच्या कामी आले. पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील शासकीय हस्तलिखित संग्रहातही जैन ग्रंथांचा मोठा भाग आहे. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटरसन या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात तो गोळा केला आणि प्राध्यापक हिरालाल रसिकदास कापडिया यांनी त्याची वर्णनात्मक सूची तयार केली. श्वेतांबर परंपरेत हेच काम मुनी पुण्यविजयजी यांनी आयुष्यभर केले. पाटण व जैसलमेरची भांडारे त्यांनी लावून दिली, सूच्या केल्या आणि आपला स्वतःचा संग्रह अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिरास दिला. किल्ली ज्यांच्या हाती होती, त्या साधुवर्गातूनच ती फिरवणारा हात पुढे आला, हे विसरता कामा नये.

आता मुंबईकडे येऊ. आपल्या समाजातील दात्यांनी शहरासाठी जे केले त्यात शेठ प्रेमचंद रायचंद यांचे दान सर्वांत ठळक आहे. सुरतेहून आलेल्या या जैन व्यापाऱ्याने १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याच वर्षी घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्यास स्वतःचे नव्हे, तर आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे अशी त्यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरबाजाराच्या त्या प्रसिद्ध पडझडीत प्रेमचंदांचे सारे वैभव गेले. दान मात्र विद्यापीठाकडे पोहोचलेले होते. १८६९ मध्ये पायाभरणी झाली आणि १८७८ मध्ये इमारत पूर्ण झाली. राजाबाई दृष्टिहीन होत्या व सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम त्यांना घड्याळाच्या ठोक्यांवरून पाळता यावा म्हणून हा मनोरा बांधला, अशी आख्यायिका आपण सर्वांनी ऐकली आहे. ती गोड आहे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, मनोऱ्याखाली ग्रंथालय आहे, आणि त्यात शिरणाऱ्या विद्यार्थ्यास त्याची जात वा धर्म विचारावा अशी अट दात्याने घातलेली नाही.

शेठ माणिकचंद यांचे कार्य वेगळ्या प्रकारचे. त्यांनी पाहिले की, गावाकडून येणाऱ्या मुलास मुंबईत राहावयास जागा नाही, जेवणाची सोय नाही. मग तो शिकणार कसा? म्हणून त्यांनी आपल्या वडिलांच्या नावे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केले. गिरगावातील हिराबाग धर्मशाळाही त्यांच्याच कुटुंबाची. त्याच हिराबागेत पंडित नाथूराम प्रेमी यांनी आपले हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय चालवले आणि माणिकचंदांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ निघालेल्या ग्रंथमालेचे काम पाहिले. ती पुस्तके केवळ खर्चापुरत्या किमतीत विकली जात. आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालयाचे वसतिगृह १९१५ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्याची शाखा आपल्या शेजारी अंधेरीतही आहे. याच संस्थेने पुढे आगमग्रंथांच्या संशोधित आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. एकाच छपराखाली वैद्यकीचा विद्यार्थी आणि नंदीसूत्राचे संपादन! क्रमिक अभ्यास आणि धर्मकार्य यांत ज्यांना विरोध दिसतो, त्यांनी हे उदाहरण पाहावे.

या गौरवगाथेत एक पान मात्र अवघड आहे, आणि ते गाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील हे आपल्याच समाजातले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परत आल्यावर त्यांना स्नान करण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्या वसतिगृहाने त्यांना बाहेर काढले ते वाईट होते असे नाही. त्यातून अनेक चांगले लोक घडले. पण त्या दिवशी दार बंद झाले ते एका विद्यार्थ्यासाठी, आणि त्या विद्यार्थ्याने पुढे १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापून, १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढून, हजारोंसाठी दारे उघडली. आज कर्मवीरांची प्रतिमा आपण अभिमानाने लावतो. त्या प्रतिमेकडे पाहताना ही हकिकतही आठवावी.

वाचनासाठी जागा नसणे म्हणजे काय, याचे मुंबईतील सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब. वडील पहाटे दोन वाजता त्यांना अभ्यासास उठवीत, कारण तेव्हाच काय ती शांतता असे. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तेथे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी त्याला पाहिले, चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारप्रसंगी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यासही हातभार लावला. त्या बागेत बाक होता, झाड होते आणि विचारपूस करणारा एक माणूस होता. ग्रंथालय म्हणावयाचे ते याहून फार वेगळे नसते.

विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम, हा भागही नवा नव्हे. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी त्यांत होते. तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या, मुलांनी निबंध वाचले, विज्ञानाचे प्रयोग दाखवले. १८४९ मध्ये याच विद्यार्थ्यांनी मुलींच्या शाळा काढून स्वतः विनावेतन शिकवले. वक्ते बोलावून मुलांना रांगेत बसवण्यापेक्षा मुलांनाच बोलावयास लावणे अधिक फलदायी, हे त्यावरून दिसते. आपल्या शास्त्रातही स्वाध्यायाच्या प्रकारांत वाचनेच्या लगेच पुढे पृच्छना, म्हणजे विचारणे, सांगितलेले आहे. आमच्या व्याख्यानमालांत पृच्छनेसाठी शेवटची पाच मिनिटे ठेवली जातात आणि तीही आभारप्रदर्शनात जातात, हा भाग वेगळा.

जोगेश्वरीचा इतिहास या संदर्भात पाहिला तर मौज वाटते. येथील लेणी सहाव्या शतकातील, शैव परंपरेची. पुढे कित्येक शतके हा साष्टीचा ग्रामीण भाग होता. १९३० मध्ये टेकडीवर इस्माईल युसुफ महाविद्यालय सुरू झाले. सर महंमद युसुफ यांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या आठ लाखांच्या देणगीतून ते उभे राहिले. उपनगरातील हे सर्वांत जुने महाविद्यालय. देणगी एका मुस्लिम जहाजमालक कुटुंबाची, आणि तेथे शिकलेल्यांत पार्ल्याचे पु. ल. देशपांडे! राजाबाईंचा मनोरा आणि ही टेकडी या दोन्ही वास्तू मला एकाच भावनेच्या वाटतात : वडीलधाऱ्यांचे स्मरण, आणि लाभ साऱ्या गावाला.

१९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द पश्चिम रेल्वेच्या बाजूने वाढली ती जोगेश्वरीपर्यंत. १९५७ मध्ये ती दहिसरला पोहोचली. म्हणजे सात वर्षे आपली जोगेश्वरी ही मुंबईची वेस होती. त्यानंतर मजास, मेघवाडी, बांद्रेकरवाडी, बेहराम बाग, ओशिवरा हा सारा परिसर कसा भरत गेला, ते आपल्या डोळ्यांसमोर घडले. घरे लहान, माणसे अधिक, दूरचित्रवाणी संच एकाच खोलीत. १९७५ च्या सुमारास जुनी अकरावीची शालान्त परीक्षा जाऊन दहावी आणि तिच्यापुढे अकरावी-बारावी असा नवा आकृतिबंध आला. आयुष्याची दिशा ठरवणारी दोन वर्षे अशा वयात आली की जेव्हा मुलगा घरात मावत नाही आणि घराबाहेर त्याला जागा नाही. कोणी जिन्याच्या दिव्याखाली बसत, कोणी रेल्वे फलाटावर.

मीही त्यांतलाच. माझ्या विद्यार्थिदशेत उपनगरातील एका लहान वाचनालयात काचेच्या कपाटात मला हवे असलेले भौतिकशास्त्राचे पुस्तक दिसत असे. पण कपाटाची किल्ली ज्या गृहस्थांकडे असे ते आठवड्यातून एकदाच येत, आणि त्या दिवशी माझे प्रात्यक्षिक असे. दोन वर्षे मी ते पुस्तक काचेतून पाहिले. तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्या गृहस्थांनी पुस्तक चांगले सांभाळले होते. मूडबिद्रीची हकिकत वाचताना मात्र ते कपाट मला हटकून आठवते.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. त्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. स्थानिक संस्थांनी ग्रंथालय चालवावे आणि शासनाने वर्गानुसार अनुदान द्यावे, अशी रचना आहे. याचा सरळ अर्थ असा की, एखाद्या वस्तीत ग्रंथालय असेल की नाही हे तेथील संस्थांच्या इच्छेवर राहते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालले, ते अशाच नागरिकांच्या बळावर. जेथे कोणी पुढे आले नाही तेथे कपाटही नाही.

साधनांची गोष्ट मात्र आज पूर्ण बदलली आहे. ज्या धवलेच्या एका प्रतीसाठी कित्येक वर्षे खर्ची पडली, तिचे छापील खंड आता संगणकाच्या पडद्यावर विनामूल्य उघडतात. जैन ई-लायब्ररीसारख्या संग्रहांत हजारो ग्रंथ आहेत. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये निघाला; आज सारे खंड संकेतस्थळावर वाचता येतात. बालभारतीची बारावीपर्यंतची पाठ्यपुस्तके उतरवून घेता येतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये देशास अर्पण झाले. तेव्हा पुस्तकांसाठी मोठे भांडवल हवे, ही अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. जे आजही मिळत नाही ते म्हणजे शांत खोली, टेबल, उजेड, पंखा आणि रात्री साडेदहापर्यंत उघडे दार. खासगी अभ्यासिकांचे मासिक शुल्क भरणे प्रत्येक घराला शक्य नसते, आणि मुलींच्या बाबतीत सुरक्षित जागेचा प्रश्न अधिकच बिकट असतो.

आपल्या सभागृहाचा विचार करा. पर्युषण, चातुर्मासातील प्रवचने, आयंबिल ओळी आणि काही विवाहसमारंभ वगळता ते वर्षातील बरेच दिवस रिकामे असते. चातुर्मास संपल्यानंतरचे महिने, म्हणजे नेमके बारावीच्या परीक्षेपूर्वीचे महिने. पंचांग आणि परीक्षा मंडळ यांचे वेळापत्रक इतके जुळावे, हा योगच म्हणावयाचा. ज्ञानपंचमीस दार उघडावे, मार्चअखेरीपर्यंत ते उघडे ठेवावे, असे सुचवितो. प्रारंभी चाळीस खुर्च्या, दोन संगणक, प्रवेशपरीक्षांचे संदर्भग्रंथ आणि शब्दकोश पुरेत. आपल्यातील निवृत्त शिक्षक, चार्टर्ड अकाउंटंट, डॉक्टर आठवड्यातून एक संध्याकाळ पृच्छनेसाठी बसू शकतील : भाषण नाही, केवळ मुलांचे प्रश्न. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि श्रुतपंचमी हे दोन दिवस मुलांनीच आखावेत. आहारविषयक नियम वास्तूत पाळावे लागतील एवढे सांगितले तर कोणत्याही धर्माचा विद्यार्थी ते आनंदाने पाळेल, असा माझा अनुभव आहे.

प्रवेश कोणाला, या प्रश्नावर माझे मत वाचकांच्या लक्षात आलेच असेल. विरोधी मत बाळगणाऱ्यांविषयी मला आदर आहे. न्यासाच्या पैशाचा हिशेब त्यांनीच इतकी वर्षे काटेकोर ठेवला आहे, आणि त्यांची शंका अस्थानी नाही. देवद्रव्य वेगळे, ज्ञानद्रव्य वेगळे, ही शास्त्राची मर्यादा पाळूनच हे करावे लागेल. त्यासाठी स्वतंत्र खाते व स्वतंत्र देणग्या असाव्यात. उपाश्रयाच्या शांततेस बाधा येऊ नये म्हणून जिना वेगळा वापरता येतो का, तेही पाहावे.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी सूचना. अभ्यासिकेची किल्ली एकाच पदाधिकाऱ्याकडे नसावी. ती तीन जणांकडे असावी, त्यांपैकी एक बारावीचाच विद्यार्थी असावा, आणि दर वर्षी निकाल लागल्यावर त्याने ती पुढच्या तुकडीतील मुलाच्या किंवा मुलीच्या हाती, नोंदवहीत सही घेऊन, सोपवावी.